थालिया फ्लोरा-काराविया : तैलरंग आणि पेन्सिल

आधुनिक ग्रीक चित्रकलेचा आढावा घेताना थालिया फ्लोरा-काराविया हिला म्युनिक संप्रदायाच्या अखेरच्या पिढीत बसवावयाचे, तिच्या निसर्गचित्रांतील मोकळ्या उजेडाबद्दल दोन बरे शब्द लिहावयाचे आणि पुढे सरकावयाचे, असा प्रघात आहे. तिने युद्धभूमीवर जाऊन काढलेली रेखाटने चरित्रातील एक धाडसाचा प्रसंग म्हणून उल्लेखिली जातात. प्रस्तुत लेखकाला हा क्रमच उलटा वाटतो. तिची सारी तैलचित्रे उद्या नाहीशी झाली आणि केवळ ती रेखाटने उरली, तरी चित्रकर्त्री म्हणून तिचे स्थान रेसभरही खाली येणार नाही. याउलट रेखाटने गेली, तर मात्र उरेल ती एक सुशिक्षित, सफाईदार, पण इतर अनेकांसारखीच कलावती.

तिचा जन्म 1871 चा, पश्चिम मॅसिडोनियातील सिआतिस्ता या गावचा. हे गाव तेव्हा उस्मानी साम्राज्यात होते. बालपण इस्तंबूलमध्ये गेले आणि शिक्षण तेथील झाप्पिओन या ग्रीक कन्याशाळेत झाले. 1895 च्या सुमारास ती म्युनिकला गेली, तो तेथील कला-अकादमीचे दार स्त्रियांना बंद! (ते उघडले 1920 साली.) गंमत अशी की, त्याच अकादमीत निकोलाओस गिझिस हा तिचा देशबांधव प्राध्यापक होता. त्याचे मार्गदर्शन तिला मिळाले, पण ते अकादमीच्या भिंतीबाहेर. शिवाय आंतोन आझ्बे याच्या खाजगी चित्रशाळेतही ती शिकली. कांडिन्स्कीसारखे विद्यार्थी ज्या शाळेने पाहिले, तीच ही शाळा. मस्तक काढावयाचे तर आधी तो एक गोल आहे असे समजा, नाकडोळ्यांच्या तपशिलात मागाहून शिरा, अशी आझ्बेची शिकवण होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

म्युनिकने तिला काय दिले? हाताला शिस्त दिली आणि त्याबरोबर ते सुप्रसिद्ध तपकिरी वातावरणही दिले. पुढे निकोलाओस काराविआस या पत्रकाराशी विवाह करून ती अलेक्झांड्रियात स्थायिक झाली. तेथे सुमारे तीस वर्षे राहिली आणि स्वतःची चित्रशाळा चालवली. इजिप्तच्या उन्हाने तिच्या फलकावरील तपकिरी रंग बराचसा धुऊन काढला, हे खरे. परंतु अलेक्झांड्रियातील ग्रीक समाज हा कापसाच्या व्यापारावर पोसलेला, स्वतःच्या शाळा, वृत्तपत्रे आणि मंडळे असलेला समाज होता. मायदेशापासून दूर वसलेल्या अशा समाजाचे कलावंतावर प्रेम फार असते, आणि मागणे मात्र ठराविक असते. हा अनुभव आपल्या वाचकांना अपरिचित नसावा. दिवाणखान्यात शोभेल असे व्यक्तिचित्र, आणि पाहुण्यांनी ‘अगदी हुबेहूब!’ म्हणावे, एवढेच ते मागणे. थालियाने ते पुरविले आणि चांगले पुरविले. तथापि त्या चित्रांतील माणसे आपण पाहिले जात आहोत हे क्षणभरही विसरत नाहीत.

1912 च्या ऑक्टोबरात बाल्कन युद्ध सुरू झाले. पतीच्या वृत्तपत्राची वार्ताहर म्हणून चाळिशी उलटलेली ही स्त्री ग्रीक सैन्यामागून मॅसिडोनियात गेली, मग एपिरसमध्ये. इओआनिना हे शहर 1913 च्या मार्चमध्ये पडले. त्या मोहिमेतील अधिकारी, शिपाई, जखमी, युद्धकैदी असे सारे तिच्या वहीत आले. येथे बसून राहावयास कोणाला सवड नव्हती. थकलेला शिपाई जितका वेळ तसाच टेकून राहील, तितकाच वेळ चित्रकर्त्रीच्या हाती. अशा वेळी आझ्बेचा तो गोल कामास आला, असे मला वाटते. डोक्याचे वजन, ते मानेवरून कसे कलले आहे, एवढे पाच-सात रेषांत पकडले की थकवा आपोआप येतो. डोळे काढले नाहीत तरी चालते. तैलचित्रांत सभ्यपणाने झाकलेले शरीर येथे प्रथमच भार घेऊन बसते. त्यांपैकी कोणालाही आपण कसे दिसतो याची पर्वा नाही. कॅनव्हासवर तिला जे साधत नव्हते, ते येथे कागदाच्या तुकड्यावर साधले.

या रेखाटनांमुळे तिला युद्धविरोधी कलावंतांच्या रांगेत उभे करण्याचा मोह होईल. तो आवरावा. ती ग्रीक सैन्याच्या बाजूची होती, आणि तसे असणे स्वाभाविकच होते. तिचे जन्मगाव सिआतिस्ता याच युद्धात ग्रीसकडे आले. परंतु जिच्या आयुष्याची पहिली वर्षे इस्तंबूलच्या रस्त्यांवर गेली, तिला समोरचा कैदी सर्वस्वी परका कसा वाटावा? मनाने ती एका पक्षाची होती. पेन्सिलीने मात्र वाकलेली पाठ पाहिली, मग ती कोणत्याही गणवेशातील असो. विचार आणि हात यांच्यातील ही तफावत मला तिच्या कलेचा सर्वांत मोलाचा भाग वाटते.

ही टिपणे आणि रेखाटने तिने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली ती 1936 साली. मधल्या काळात बरेच घडून गेले होते. 1921 मध्ये ती आशिया मायनरच्या आघाडीवरही जाऊन आली. पुढच्याच वर्षी तेथे ग्रीसचा दारुण पराभव झाला आणि 1923 च्या करारानुसार लाखो माणसे इकडून तिकडे हलविली गेली. विजयाचे पुस्तक पराभवानंतर चौदा वर्षांनी बाहेर पडते, तेव्हा 1912 चा तो दमलेला शिपाई वाचकाला निराळाच दिसू लागतो. यात चित्रकर्त्रीचे श्रेय किती आणि काळाचे किती, हे ठरविणे कठीण आहे. मात्र जयघोष करणारे चित्र अशा कसोटीला उतरले नसते, एवढे निश्चित.

युद्धाची ही शिकवण तिच्या शांततेतील कामात उतरली काय? क्वचितच. अलेक्झांड्रियाचा कवी कवाफी याचे 1926 मधील चित्र त्या क्वचितांपैकी एक. तेथे मोठेपणाचा थाट नाही. एरव्ही दिवाणखाना पुन्हा दिवाणखानाच राहिला. 1940 साली ती अथेन्सला परतली. त्याच वर्षी इटलीशी युद्ध पेटले, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरील थालियाने पुन्हा वही उघडून सैनिक रेखाटावयास घेतले. ती 1960 साली वारली.