दर्शक उदंड, श्रोते थोडे

शीव कोळीवाड्यापासून षण्मुखानंद सभागृह पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९६३ साली उघडलेल्या, १९९० च्या आगीत भस्मसात झालेल्या आणि १९९८ साली पुन्हा उभ्या राहिलेल्या त्या भव्य वास्तूत देशातील नामांकित गायक-वादकांनी हजेरी लावली. परंतु तिच्या इतक्या निकट वाढलेल्या कोळीवाड्यातील होतकरू गायकाला त्या रंगमंचावर पाऊल ठेवण्याचा योग क्वचितच आला असेल, आणि त्यानेही तशी अपेक्षा फारशी बाळगली नसेल. गाणाऱ्याला ऐकणारा कोठे भेटावा, हे या शहरात नेहमीच तिसऱ्या कोणीतरी ठरवीत आले आहे: कधी सभागृहाच्या व्यवस्थापकाने, कधी ग्रामोफोन कंपनीच्या दप्तराने, कधी आकाशवाणीच्या श्रवणचाचणीने. गेल्या दहा वर्षांत हा दरवाजा मोडला, असे सर्रास सांगितले जाते. मोडला हे खरे. मात्र त्यातून आत शिरलेल्या तरुणांच्या हाती काय लागले, याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही.

कोळीगीतांचाच दाखला घ्यावा. ‘मी डोलकर’ने कोळ्यांचे गाणे साऱ्या महाराष्ट्राच्या ओठी बसवले, ते लिहिले शान्ता शेळके यांनी, चाल दिली हृदयनाथ मंगेशकरांनी आणि गायिले लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी. गाणे थोर, यात वाद नाही. तथापि कोळीवाड्याचा त्यातला वाटा विषयाचा होता, आवाजाचा नव्हे. आवाजाचा वाटा मिळवून दिला तो कॅसेटने. स्वस्त कॅसेटींनी ऐंशीच्या दशकात ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी कशी मोडली आणि बोलीबोलींच्या संगीताला बाजार कसा खुला केला, याची चिकित्सा पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात केली आहे. तिला मुंबईचा पुरावा हवा असल्यास काशीराम चिंचय यांच्या ‘वेसावकर आणि मंडळी’कडे बोट दाखवावे. या मंडळींच्या गाण्यातली वेसाव्याची पारू समुद्र न पाहिलेल्या गावांच्या लग्नमांडवांतही नाचली. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ती बोली, तो ठेका आणि ते हसणे-खिदळणे ज्यांच्या अंगवळणी पडले होते असा श्रोता कॅसेटच्या आधीच वाड्यावाड्यांत बसलेला होता. कॅसेटने तो निर्माण केला नाही. त्याला चुलत-मावस श्रोते जोडून दिले.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाइलवरचा डेटा मातीमोल झाला आणि कॅसेटच्या दुकानाची जागा यूट्यूबने घेतली. त्यानंतरच्या यशोगाथा सर्वांना मुखोद्गत आहेत: प्रवीण कोळी आणि योगिता कोळी या संगीतकार जोडीचे ‘गोव्याच्या किनाऱ्याव’, प्रशांत नाकती यांच्या ‘नादखुळा म्युझिक’ची गाणी, २०२४ मधली जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची ‘गुलाबी साडी’, आणि त्याच वर्षी क्रेटेक्स व श्रेयस यांची ‘तांबडी चामडी’, जी स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रसिद्ध केली. मराठीत गायिल्याने श्रोता मिळत नाही, हा जुना बहाणा या गाण्यांनी निकालात काढला. तेवढे श्रेय त्यांना निःसंकोच द्यावे. परंतु अशा गाण्यांवरून कलेची स्थिती जोखणे म्हणजे लॉटरी लागलेल्या एकावरून तिकीट घेणाऱ्या सर्वांची सांपत्तिक स्थिती ठरवणे होय.

ज्याचे गाणे गाजले नाही, त्याच्या वाट्याला काय येते ते पाहावे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात हिस्सा मिळायचा तर एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे, अथवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकल्याखेरीज ऐकणे गणले जात नाही, आणि २०२४ पासून, वर्षभरात हजार वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला छदाम मिळत नाही. जुन्या कंपनीचा मुनीम निदान समोर बसलेला असे, त्याच्याशी हुज्जत घालता येई. हा नवा मुनीम कोणत्या शिरस्त्याने एकाचे गाणे पुढे सरकवतो आणि दुसऱ्याचे दाबून ठेवतो, हे विचारायला खिडकीच नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा शहरांच्या वस्त्यांतील आणि खेड्यापाड्यांतील असंख्य मुलामुलींनी जमवलेले चाहते एका फर्मानासरशी नाहीसे झाले. बंदीच्या राजकारणात मी शिरत नाही. एवढेच म्हणतो की, त्या मुलांपाशी आपल्या चाहत्यांपैकी एकाचाही पत्ता नव्हता. काही दिवसांतच इन्स्टाग्रामने रील सुरू केले आणि तीच मुले नव्या मालकाच्या ओसरीवर शून्यापासून येऊन बसली.

या व्यवहाराने गाण्याच्या देहाचे काय केले, हा समीक्षकाचा खरा प्रश्न. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक गाण्याचा एक आलेख निघतो. ऐकणारे कोणत्या क्षणी उठून गेले, याची त्यात बारकाईने नोंद असते. गाणे टाकल्यानंतर तो उघडून बसलेल्या संगीतकाराला पहिल्या पंधरा-वीस सेकंदांतच रेघ सरळ खाली उतरलेली दिसते, आणि पुढच्या गाण्यात तो सुरुवातीचे वादन काढून टाकतो. त्याच्या पुढच्यात मुखडा आधी आणतो. तिसऱ्यात दुसरा अंतरा गाळतो. सक्ती कोणीच केलेली नसते. वाईट वाटते ते दुसऱ्या अंतऱ्याचे. पहिला अंतरा ठेका बसवतो, गोष्ट सरकते ती दुसऱ्यात: नाखवा परततो की नाही, पाटीतले म्हावरे खपते की उरते. रीलच्या मापाने बेतलेल्या गाण्यात पारू सजते, मुरडते आणि तिथेच थांबते. तिचे पुढे काय झाले, हे विचारण्याइतका वेळ कोणापाशी नसतो. संगीतकारापाशीही नसतो, कारण त्याला पुढच्या शुक्रवारी दुसरे गाणे टाकायचे असते.

जाता जाता कागदोपत्री बाबही सांगून टाकतो. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिले आणि ती वसूल करणारी १९६९ पासूनची आयपीआरएस ही संस्था मुंबईतच आहे. तरीही एका गाण्याच्या चित्रीकरणाच्या खर्चापोटी सगळे हक्क लिहून देणारे तरुण भेटतात, आणि करारनामा वाचला होता का, असे विचारल्यास मान खाली घालतात.

आता गाण्याला खरा श्रोता जेथे भेटतो, त्या हळदीच्या मांडवात यावे. रात्री जेवणे उरकल्यावर बेंजोवाले सरसावतात; कीबोर्डवाला फोन कानाशी धरून चाल ऐकतो, ढोलवाला दोन ओळींत लय ओळखतो, आणि कालपरवा आलेले गाणे वाजू लागते. नवऱ्या मुलाची मावशी नाचता नाचता थबकली, की बेंजोवाला तत्काळ जुन्या चालीवर सरकतो. ती “तेच लाव रं परत” म्हणाली, तर त्या गाण्याचे त्या मोसमापुरते बस्तान बसले. गायकाचे नाव तिला ठाऊक नसते, व्ह्यूज किती ते तर नसतेच. पण त्याच बेंजो पार्टीबरोबर गाणे दुसऱ्या वाड्यात जाते, तेथून आगऱ्यांच्या हळदींत, तेथून गणपतीच्या मिरवणुकीत; आणि मांडवातून घरी गेलेला माणूस ते यूट्यूबवर शोधतो तेव्हा शेवटपर्यंत ऐकतो, दुसऱ्या अंतऱ्यासकट. नव्या गायकाने गाणे ‘बूस्ट’ करण्यावर पैसे उधळण्याआधी चार बेंजो पार्ट्यांना चाल बसवून द्यावी, हे माझे मत एका तरुण संगीतकाराला फारच जुनाट वाटले.

त्याला जुनाट वाटू नये असा दाखला शीव स्थानकाच्या पलीकडेच आहे. रॅपर नेझीने २०१४ साली आलेले ‘आफत’ हे गाणे कुर्ल्यात आयपॅडवर चित्रित केले. धारावीच्या एमसी अल्ताफने आपल्या वस्तीचा पिनकोडच ‘कोड मुंबई १७’ या गाण्याच्या नावात घातला. डोपाडेलिक्झ या रॅप-गटाच्या पोरांनी तमिळ, मराठी, हिंदी अशी धारावीची खरीखुरी सरमिसळ गाण्यात आणली. ‘गली बॉय’ हा चित्रपट आला तो २०१९ मध्ये, ‘आफत’नंतर. त्यांच्या रॅपमधील पुनरुक्ती आणि उसना आक्रस्ताळेपणा मला नेहमीच रुचतो असे नाही, परंतु त्यांना प्रथम शेजारच्या गल्लीने ऐकले, कारण गाण्यात त्या गल्लीचे नाव होते. जग मागाहून आले.

शीव कोळीवाड्याचा असा पत्ता अद्याप गाण्यात उमटलेला नाही. खाडीवर भराव पडला, मच्छीमारी क्षीण झाली, फाळणीनंतर पंजाबी निर्वासित येऊन वसले, स्थानकाचे नाव गुरू तेगबहादूर नगर झाले, आणि या वाड्याचे नाव देशभरच्या हॉटेलांत पोचले ते त्याच पंजाब्यांनी तळलेल्या कोळंबीमुळे! पाटी घेऊन पहाटे भाऊच्या धक्क्याकडे निघणारी कोळीण, पुनर्विकासाच्या मसुद्यावर अंगठा द्यावा की नाही यावरून भांडणारे दोन भाऊ, कोळी आणि पंजाबी शेजारणींची नळावरची दोस्ती: एवढा ऐवज दाराशी पडलेला असताना, ड्रोनने टिपण्याजोगी वाळू मिळावी म्हणून अलिबागेस गाडी काढणाऱ्या संगीतकाराने व्ह्यूज येत नाहीत अशी तक्रार केली, तर ती माझ्याने सहानुभूतीने ऐकवत नाही.