चुकीलाच कामाला लावलं तर?

मंडळी, मी गणिती नव्हे. आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली. पण 'आम्ही संगणकात वारा वाहवून पाहिला' असं कुणी म्हणालं की कान टवकारतात. पाहिला म्हणजे नेमकं काय केलं?

आधी थोडं तांत्रिक. प्रवाहाची समीकरणं सोडवायला अवकाशाचे तुकडे पाडतात. दुसऱ्या कोटीच्या पद्धतीत तुकड्याची लांबी निम्मी केली की चूक साधारण चौथाई होते, चौथ्या कोटीत सोळावा भाग. पण उच्च कोटीत आकडेमोड फार, म्हणून ती महाग समजली जाई. जीपीयू आले आणि हिशोब फिरला. तिथे गुणाकार स्वस्त, स्मृतीतून आकडा आणणं महाग. उच्च कोटीची पद्धत एकदा आणलेल्या आकड्यावर पुष्कळ काम करून घेते. पायएफआर, नेकआरएस या प्रणाली याच जोरावर उभ्या आहेत. इथवर माझी काही तक्रार नाही, उलट कौतुकच आहे.

खटकतं ते पुढे. विक्षुब्ध प्रवाहातले बारीक भोवरे जाळीत मावत नाहीत. ते जी ऊर्जा जिरवतात, तिच्यासाठी खरं तर वेगळं प्रारूप लिहायला हवं. पुष्कळजण लिहीत नाहीत. पद्धतीची स्वतःची चूकच ऊर्जा जिरवते, तेच प्रारूप समजा, म्हणतात. याला 'अव्यक्त' लार्ज एडी सिम्युलेशन असं भारदस्त नाव आहे!

आता बघा काय होतं. जाळी बारीक केली की चूक घटते, म्हणजे प्रारूपही बदलतं. समीकरण नीट सोडवलं का, आणि योग्य तेच समीकरण सोडवलं का, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायचे असतात. इथे ते एकमेकांत मिसळून जातात.

उत्तर तयार असतं: टेलर-ग्रीन भोवऱ्यावर, रेनॉल्ड्स अंक १६०० ला, आमचं उत्तर पूर्ण बारीक जाळीच्या उत्तराशी जुळतं. जुळतं, मान्य. पण त्या चौकोनी पेटीला भिंतच नसते. विमानाच्या पंखाला पृष्ठभाग असतो, आणि खरी भानगड त्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरात असते. पेटीतलं प्रमाणपत्र पंखावर कसं चालेल?

म्हणून रंगीत चित्रफीत दाखवणाऱ्याला मी एवढंच विचारतो: तीन जाळ्या आणि दोन कोटी घेऊन काढलेले आकडे शेजारी-शेजारी मांडा, पवनबोगद्यातलं मापनही त्यांच्या बाजूला ठेवा. चित्रफीत नंतर बघू.