‘इगर्जी’ : वास्तू की सभा?

लग्नपत्रिकांतून, स्मरणिकांतून आणि नव्या वास्तूंच्या फलकांवरून ‘इगर्जी’ हा शब्द मागे सरत असून त्याच्या जागी ‘चर्च’ किंवा ‘ख्रिस्तमंदिर’ येत असल्याचे आम्ही पाहतो. ‘इगर्जी’ पोर्तुगीजांची, म्हणून परकी, असे कारण सांगितले जाते. चावी, पगार, बटाटा हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले; ते कोणास परके वाटत नाहीत. तेव्हा शब्द आला कोठून यापेक्षा तो काय घेऊन आला, हे पाहणे अधिक अगत्याचे.

पोर्तुगीज ‘इग्रेजा’ लॅटिनमार्गे ग्रीक ‘एक्लेसिया’पर्यंत पोहोचते. (हिंदीतील ‘गिरजा’ही त्याच कुळातला, पार्वतीच्या गिरिजेशी त्याचा संबंध नाही.) ग्रीक नगरांत हाक देऊन बोलावलेल्या नागरिकांच्या सभेला एक्लेसिया म्हणत. त्यात पावित्र्याचा गंधही नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांच्या 19व्या अध्यायात इफिस येथे जमलेल्या जमावातील बहुतेकांना आपण कशासाठी आलो हेच ठाऊक नसते. त्या गोंधळालाही लूक हाच शब्द लावतो! जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराने मात्र तो देवापुढे जमलेल्या इस्राएलासाठी योजला होता, आणि ख्रिस्ती जनांनी तो तेथून उचलला. चार शुभवर्तमानांपैकी तो केवळ मत्तयात आढळतो (16:18, 18:17). रोमकरांस लिहिताना संत पौल प्रिस्का व अक्विला यांच्या घरातील एक्लेसियेला नमस्कार सांगतो (16:5). भिंती त्या दांपत्याच्या. एक्लेसिया म्हणजे त्या भिंतींआड जमणारी माणसे. माणसांचे नाव वास्तूला लागले ते पुढे.

‘चर्च’चे कूळ निराळे. त्याचे मूळ ‘किरियाकोन’, म्हणजे ‘प्रभूचे’, या ग्रीक शब्दात. देवकुलापासून झालेले ‘देऊळ’ आणि मुळात निवास असा अर्थ असलेले ‘मंदिर’ हे त्याचे अर्थाने सोयरे. ‘ख्रिस्तमंदिर’ या शब्दाला आमचा विरोध नाही. त्याचा नाद आपल्या मातीचा आहे. परंतु ‘इगर्जी’ पुसून ‘चर्च’ लिहिणारा एक परका शब्द काढून दुसरा परकाच आणतो आणि पहिल्याच्या मुळाशी असलेली माणसे तेवढी गमावतो.

माणसांसाठी मराठीत ‘ख्रिस्तसभा’ हा शब्द आपण घडविला. प्रॉटेस्टंट बंधूंनी ‘मंडळी’ स्वीकारला. दोन्ही एक्लेसियेच्या अगदी जवळचे. 1964च्या ‘लुमेन जेन्सियुम’ या दस्तऐवजातील ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण वाचल्यावर ‘ख्रिस्तसभा’ किती नेमका आहे हे उमगते. मात्र तो परिपत्रकांत व प्रवचनांत राहिला, स्वयंपाकघरात पोहोचलाच नाही. तेथे आजही इगर्जीची घंटा ऐकू येते. आजारी शेजाऱ्याविषयी बोलताना ‘चर्चने काहीच केले नाही’ असे आम्ही वारंवार ऐकतो. बोलणारा श्रद्धावान असतो, रविवार चुकवीत नाही. त्या वाक्यातील ‘चर्च’मध्ये तो स्वतःला मात्र धरीत नाही.