चित्रातली कीड आणि शेतातली कीड

एका ग्रामीण माध्यमिक शाळेत आम्ही नववीच्या मुलांपुढे काही रंगीत छायाचित्रे मांडली होती. त्यांतले कोणते कीटक शेतकऱ्याचे मित्र आणि कोणते शत्रू, एवढेच मुलांनी सांगायचे होते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सर्वांनी ओळखला आणि मित्रांच्या रांगेत ठेवला. पुढचे चित्र पाटीच्या रंगाच्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, इवल्याशा सुसरीसारख्या दिसणाऱ्या एका अळीचे होते. ती एकमताने शत्रूंच्या रांगेत गेली. एक मुलगा म्हणाला, "आमच्या करडईवर ही दिसली की बाबा लगेच पंप काढतात." ती अळी त्याच ढालकिड्याची होती. वाढीच्या काळात अशी एक अळी काहीशे मावा खाऊन टाकते.

चूक मुलांची नव्हती. चित्रे आम्ही निवडली होती. ती उत्तम होती, नामांकित चित्रसंग्रहांतून घेतलेली होती आणि त्यांवरची नावे तज्ज्ञांनी तपासलेली होती. तरीही वर्गाला जे कळायला हवे होते ते त्यांतून कळत नव्हते. एकात्मिक कीड व्यवस्थापन शिकवण्यासाठी संगणकावर आज जे चित्रसंग्रह आणि माहितीसाठे मोफत मिळतात, त्यांचा शिक्षकाच्या दृष्टीने हिशेब मांडावा असे तेव्हापासून मनात होते.

सर्वांत मोठा व परिचित संग्रह अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठाचा, 'बगवुड' या नावाचा. १९९४ साली सुरू झालेल्या या उपक्रमात आज कीटक, रोग, तणे आणि वनस्पती यांची लाखांवर छायाचित्रे आहेत. 'इन्सेक्ट इमेजेस', 'फॉरेस्ट्री इमेजेस', 'आयपीएम इमेजेस' ही संकेतस्थळे म्हणजे याच एका कोठाराची वेगवेगळी दारे. प्रत्येक चित्राला क्रमांक आहे. शास्त्रीय नाव, छायाचित्रकार आणि त्याची संस्था यांची नोंद आहे. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ या अवस्थांची चित्रे वेगळी काढता येतात. श्रेय दिले तर वर्गात वापरायला पैसे पडत नाहीत. काचेच्या पेटीतले टाचणी टोचलेले, रंग उडालेले नमुने दाखवून ज्यांनी कीटकशास्त्र शिकवले, त्यांना याचे मोल सांगायला नको.

या संग्रहांनी आपल्यावर प्रत्यक्ष उपकारही केले आहेत. २०१८ साली कर्नाटकात मक्यावर एक नवी अळी सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोहोचली. ही अमेरिकन लष्करी अळी. आपल्याकडच्या जुन्या लष्करी अळीहून ती वेगळी कशी ओळखायची, हा पहिला प्रश्न होता. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे लिहावे तशी खूण आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात मांडलेले चार ठिपके, या तिच्या खुणा. अमेरिका हे तिचे मूळ घर असल्यामुळे तिकडच्या संग्रहांत तिची चित्रे तयारच होती. चांगले छायाचित्र अशा वेळी पानभर वर्णनापेक्षा अधिक काम करते, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र अगदी लहान अळीवर या खुणा स्पष्ट दिसत नाहीत, हे चित्राखाली लिहिलेले नसते. चित्र बहुधा पूर्ण वाढलेल्या, ठसठशीत अळीचे असते आणि शेतकऱ्याने अळी ओळखायला हवी ती लहान असताना.

येथून उणिवांना सुरुवात होते. पहिली उणीव आकाराची. बहुतेक चित्रांत मोजपट्टी नसते. पडद्यावर ट्रायकोग्रामा ही परोपजीवी माशी भुंग्याएवढी दिसते. प्रत्यक्षात ती सुमारे अर्ध्या मिलिमीटरची असते आणि पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. टाचणीच्या डोक्यावर मावणारा हा मित्र शेतात नुसत्या डोळ्यांनी कोणी पाहत नाही. चित्र पाहून त्याला शोधायला गेलेला विद्यार्थी रिकाम्या हाताने परत येतो आणि "आमच्याकडे मित्रकीटक नाहीत" असा निष्कर्ष काढतो.

दुसरी उणीव भूगोलाची. कापसाच्या बोंडावरील किंवा मक्याच्या कणसातील अळीचे चित्र अमेरिकन संग्रहात शोधले की हेलिकोव्हर्पा झिया ही जात समोर येते. आपल्या हरभऱ्यावरची घाटेअळी म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की खात्री करायची तर प्रौढ पतंगाच्या जननेंद्रियांचे विच्छेदन करावे लागते. झिया आपल्या देशात नाही. तरीही तिचे चित्र आपल्या तक्त्यावर 'घाटेअळी' म्हणून चिकटले, तर कोणाच्या लक्षात येणार? चित्र एकच दिसते म्हणून काय बिघडले, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे, की चित्राबरोबर माहितीही येते. कोणते कीटकनाशक निष्प्रभ झाले, कोणते पीक तिला आवडते, वर्षाला किती पिढ्या होतात, हे सारे तिकडच्या जातीचे आणि तिकडच्या हवामानाचे असते.

ढालकिड्याचेच पाहा. सात ठिपक्यांचा ढालकिडा आपलाही आहे आणि आता अमेरिकेतलाही, कारण माव्याच्या बंदोबस्तासाठी तो तिकडे मुद्दाम नेऊन सोडला गेला. त्याचे चित्र कुठलेही वापरा, चालेल. पण वांग्याच्या पानांची चाळण करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा किडाही याच कुळातला. तो मळकट तांबूस, अंगावर बारीक लव असलेला आणि पूर्ण शाकाहारी. 'ठिपक्यांचा किडा म्हणजे मित्र' असे शिकलेला मुलगा परसातल्या वांग्यावर त्याला सुखाने राहू देईल. लकाकणारी पाठ आणि लव असलेली पाठ ही दोन चित्रे शेजारी ठेवली तर हा घोटाळा पाच मिनिटांत मिटतो. पण संग्रह शेजारी ठेवत नाही. विचाराल तेवढेच तो दाखवतो. कोणते दोन कीटक शेजारी ठेवायचे हे ठरवणे शिक्षकाचे काम आहे.

तिसरी उणीव आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. एकात्मिक कीड व्यवस्थापनाचा गाभा कीड ओळखण्यात नाही, ती मोजण्यात आहे. १९५९ साली 'हिल्गार्डिया' या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियतकालिकात स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार शास्त्रज्ञांचा जो निबंध आला, त्याने या विषयाचा पाया घातला. त्यांच्यापुढे लसूणघासावरच्या माव्याचा प्रश्न होता. सरसकट फवारणीने माव्याबरोबर त्याला खाणारे ढालकिडेही मरत आणि मावा पुन्हा उसळत असे. त्यांनी मांडले ते थोडक्यात असे: कीड असणे आणि कीड नुकसानकारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. होणारे नुकसान उपायाच्या खर्चाएवढे होण्याच्या बेतात येईल, तेव्हाच हात उचलावा. यालाच आपण आर्थिक नुकसानीची संकेत पातळी म्हणतो.

आता छायाचित्राकडे पाहा. एक अळी, एक बोंड, पडदाभर. त्या बोंडाभोवती शंभर निरोगी बोंडे आहेत की एकही नाही, हे चित्र सांगत नाही. गुलाबी बोंडअळीने पोखरलेल्या बोंडाचे चित्र पाहून मनात येते ते एकच, की पंप काढावा. शिफारस मात्र अशी आहे की कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर उपाय योजावा. घाटेअळीसाठी हरभऱ्याच्या एक मीटर ओळीत एक ते दोन अळ्या, अशी पातळी धरतात. हे आकडे कॅमेऱ्यात मावत नाहीत. आणि कीटकनाशकाच्या जाहिरातीतही अगदी असेच चित्र असते: एक अक्राळविक्राळ अळी, पडदाभर. शिक्षणाचे चित्र आणि विक्रीचे चित्र यांत फरक उरला नाही, तर विद्यार्थ्याने कशाच्या आधारे वेगळे वागावे?

हा प्रश्न पुस्तकी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्याची कारणे अनेक होती आणि ती सारी शाळेच्या कक्षेतली नाहीत. पण टाळता आली असती अशी प्रत्येक फवारणी कोणाच्या तरी अंगावर उडालेली असते. आपल्या वर्गातली अनेक मुले दोन-चार वर्षांत पाठीवर पंप घेणार आहेत. त्यांना अळीचे नाव आले आणि थांबायचे केव्हा हे आले नाही, तर आपण काय शिकवले?

सर्वच माहितीसाठ्यांवर हा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. १९७९ मध्ये सुरू झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या राज्यव्यापी कार्यक्रमाचे संकेतस्थळ या बाबतीत आदर्श म्हणावे असे आहे. तेथे प्रत्येक पिकाखाली कीड, तिची खूण, ती मोजण्याची रीत आणि उपाय करण्याची वेळ एकत्र सापडते. नैसर्गिक शत्रूंचे वेगळे दालनही आहे. रासायनिक उपाय एकुलता एक म्हणून न येता इतर उपायांच्या जोडीने येतो. अडचण एवढीच, की ते सारे कॅलिफोर्नियाच्या पिकांसाठी आहे. आकडे तेथून उचलू नयेत. मांडणीची रीत जरूर उचलावी.

आपल्याकडे काय आहे? बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्थेने भारतीय शेतीतील कीटकांची चित्रे आणि माहिती खुली केली आहे. त्या संस्थेत काम केलेल्या जे. पूरानी यांनी भारतीय उपखंडातील ढालकिड्यांवर केलेले काम तर जगातल्या कोणाही अभ्यासकाने पाहावे असे आहे. आमची शिफारस अशी, की नाव पक्के करायला आधी ही भारतीय दालने पाहावीत आणि मग अवस्थांच्या चित्रांसाठी बाहेरच्या मोठ्या संग्रहाकडे वळावे. महाराष्ट्रात २००९ पासून 'क्रॉपसॅप' या प्रकल्पात किडींचे नियमित सर्वेक्षण करून मराठीत सल्ले दिले जाऊ लागले, हीही जमेची बाजू. पण चित्र, मराठी नाव, आकार, जोडीचा मित्रकीटक आणि संकेत पातळी हे पाचही एका पानावर, मराठीत, नववीच्या मुलाला वाचता येईल अशा रीतीने आम्हाला कुठेही एकत्र सापडले नाही. नावांचाही घोळ आहे. 'लष्करी अळी' म्हटल्यावर तीन वेगवेगळे कीटक डोळ्यांपुढे येऊ शकतात. शास्त्रीय नाव मुलांनी पाठ करू नये, पण तक्त्यावर ते असावे, ते याचसाठी.

तोवर शिक्षकाने काय करावे? याचे उत्तर इंडोनेशियात मिळते. तेथे भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक कीटकनाशकांच्या अतिवापरानेच वाढल्याचे लक्षात आल्यावर १९८६ मध्ये भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी आली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरू लागल्या. त्या शाळांत शेतकरी आठवड्यातून एकदा शेतात जात, ठरावीक झाडांवरचे कीटक मोजत आणि परतल्यावर मोठ्या कागदावर चित्र काढत: मधोमध झाड, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला त्यांचे शत्रू, प्रत्येकाशेजारी आकडा. मग फवारायचे की नाही यावर चर्चा. चित्र ओबडधोबड असे, पण ते त्याच शेताचे आणि त्याच दिवसाचे असे.

आपल्या वर्गात दोन्ही गोष्टी जोडता येतील. संगणकावरची चित्रे ओळख करून देण्यापुरती वापरावीत. छापताना प्रत्येक चित्राखाली खऱ्या लांबीची एक रेघ पेनाने ओढावी. कीड एकटी दाखवू नये, तिला खाणारा शेजारी असावा, आणि मित्रकीटकाची अळी व अंडी प्रौढाआधी दाखवावीत. मग मुलांना शेतात न्यावे. जाण्यापूर्वी शेवटची फवारणी केव्हा झाली हे शेतमालकाला विचारावे, आणि ती नुकतीच झाली असेल तर दुसरे शेत निवडावे. वीस झाडे मोजावीत. आल्यावर कागद, रंगीत खडू आणि आकडे.

त्या नववीच्या वर्गाबरोबर आम्ही नंतर करडईच्या शेतात गेलो. माव्याने माखलेल्या शेंड्यांवर त्याच करड्या अळ्या हिंडत होत्या. "पंप काढतात" म्हणणारा मुलगा एका झाडापाशी बराच वेळ बसून राहिला. अळीने मावा जबड्यात धरून खाताना त्याने पाहिला. कागदावर त्याने ती अळी काढली ती मावा तोंडात धरलेली, आणि या वेळी झाडाच्या मित्रांच्या बाजूला. आमच्या छायाचित्रात ती अळी स्वच्छ हिरव्या पानावर एकटीच बसलेली होती.