हुकमाचा गालिचा आणि गावचा गालिचा

इराणी गालिच्यांच्या कीर्तीचे माप सामान्यतः अर्दबीलच्या गालिच्याने घेतले जाते. आणि 1893 पासून लंडनच्या संग्रहालयात असलेल्या त्या कृतीचे नैपुण्य इतके निर्विवाद आहे की, हमदानच्या भोवतालच्या खेड्यांत, हेरीझच्या डोंगराळ मुलखात किंवा फार्समधील कश्काई भटक्यांच्या तंबूंत विणल्या गेलेल्या जाडजूड जिनसांना रसिकांच्या दरबारी मानाचे स्थान मिळावयास विलंबच लागला. मला मात्र चिरंतन गोडी या ग्रामगालिच्यांतच आढळते.

याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. मंजिष्ठेचा तांबडा आणि निळीचा निळा रंग लोकरीच्या लहान लहान लडींना वेगवेगळ्या वेळी दिला जात असल्यामुळे एकाच पृष्ठभागावर रंगाची छटा मध्येच पालटते. नक्षी पुष्कळदा कागदावर नसून स्मरणात असते. आणि शहरी चित्रकाराने वळणदार रेखाटलेले मध्यपदक हेरीझच्या विणकरांच्या हाती येताच कोनाकोनांचे, सरळ रेषांचे होऊन बसते. नकलेत राहिलेली ही उणीव नव्हे. विणणाऱ्या हाताने केलेले ते भाष्य आहे.

नक्षीत विणणाऱ्या हाताचे भाष्य हवे, या म्हणण्याची कसोटी आपल्याकडे येरवड्यास लागली. येथील तुरुंगाच्या कारखान्यात विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांच्या प्रतिकृती विणल्या गेल्या, आणि त्यांचे काम नामांकित ठरले. बेळगावात जन्मलेल्या जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 च्या आपल्या ग्रंथात तुरुंगांतील या उद्योगाची कठोर निर्भर्त्सना केली होती, ती मुख्यतः पिढीजात कारागिरांच्या पोटावर पाय येतो म्हणून. परंतु मला त्याहून मोठा दोष असा दिसतो की, कैद्याच्या बोटांत कौशल्य होते, नक्षीवर अखत्यार नव्हता. इराणी खेडुतालाही पूर्ण मोकळीक होती असे मात्र समजू नये: मँचेस्टरच्या झीग्लर पेढीने सुलतानाबादेत ठाणे मांडून विलायती दिवाणखान्यांच्या रुचीप्रमाणे गालिचे विणवून घेतले, आणि रासायनिक रंगांनी तर इतका उच्छाद मांडला की काजार राजवटीस त्यांवर बंदी घालावी लागली.

2010 साली युनेस्कोने फार्स आणि काशान येथील विणकामास मानवतेच्या वारशात स्थान दिले, आणि 2018 साली अमेरिकेने निर्बंधांद्वारे आपली बाजारपेठ पुन्हा बंद केली. सन्मानाने कलेची प्रतिष्ठा वाढते, तिचे पोट भरत नाही.

आपल्याकडे, खारी-नवघरासारख्या भाईंदरच्या जुन्या गावांभोवती उठलेल्या इमारतींत, ‘पर्शियन’ या नावाने जे अंथरले जाते ते बहुधा यंत्राचे कृत्रिम धाग्याचे कापड असते. त्याच्या स्वस्ताईस माझा आक्षेप नाही, नावास आहे. ग्राहकाने कोपरा उलटून पाहावा: हातविणीत मागील बाजूस गाठीगाठीने नक्षी स्पष्ट उमटते, आणि टोकाची झालर हा उभ्या ताण्याचाच शेवट असतो; ती वरून शिवलेली असेल, तर विक्रेत्यास त्याचा जाब अवश्य विचारावा.