न बांधलेल्या इमारतीतली फेरी

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा सिटरसन हॉल १९८७ मध्ये उभा राहिला. त्याआधीच फ्रेड ब्रुक्स यांच्या चमूने तो संगणकात उभारून लोकांना आत फिरवले. लॉबीतल्या आडभिंतीमुळे जागा कोंदट वाटते हे त्या फेरीत जाणवले आणि वास्तुविशारदांनी ती हलवली. या तंत्राचे हे निर्विवाद यश!

पण डोक्यावर चढवलेल्या पडद्यातून अंतरे प्रत्यक्षाहून कमी भासतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. मग खोली कोंदट वाटली तर दोष भिंतीचा की यंत्राचा? शिवाय तिथे जिन्यात दम लागत नाही, फरशी पायाला गार लागत नाही. म्हणून आधी एखादी बांधलेली खोली दोन्ही प्रकारे दाखवून उत्तरे ताडावीत. मगच न बांधलेलीबद्दल लोकांचा कौल मानावा. राहायचे शेवटी विटांच्याच घरात आहे.