डिजिटल पियानोची मेमरी: सेव्ह केलं, पण नक्की काय?

संशोधनात डिजिटल पियानो वापरणार असाल, तर एक सोय तुम्हाला पहिल्याच आठवड्यात आवडू लागेल. आवाज निवडायचा, रिव्हर्ब ठरवायचा, ट्रान्सपोज लावायचं आणि सगळी जुळणी एका बटणावर साठवायची. यामाहाच्या क्लॅव्हिनोव्हा सीव्हीपी मालिकेत तिला 'रजिस्ट्रेशन मेमरी' म्हणतात. आज या सोयीबद्दल थोडी तक्रार करायची आहे. पण आधी कौतुक.

१९७० च्या मिनीमूग सिंथेसायझरला मेमरी नव्हती. जुळवलेला आवाज पुन्हा हवा असेल, तर प्रत्येक नॉबची जागा कागदावर लिहून ठेवावी लागे. १९७८ च्या प्रॉफेट-५ मध्ये मायक्रोप्रोसेसर आला आणि ४० आवाज साठवता येऊ लागले. वादकाचा कागद सुटला. ही मोठीच गोष्ट होती. फक्त त्याबरोबर संशोधकाचाही कागद सुटला, आणि तिथे माझी फसगत झाली.

माझा प्रयोग साधा होता. वादक कळ किती जोरात दाबतात, हे मिडीच्या व्हेलॉसिटीवरून मोजायचं. पियानो विभागात सगळ्यांचा, संध्याकाळी त्यावर रियाज चालायचा. मी रोज सकाळी माझं पहिलं बटण दाबायचे. आवाज तोच, रिव्हर्ब तोच, म्हटलं, झालं. दोन महिन्यांनी आकडे मांडले, तर मधल्या नऊ सत्रांत सगळेच वादक अचानक जोरात वाजवत होते! कारण काय? कळांच्या स्पर्शाचं सेटिंग त्या मॉडेलमध्ये बटणावर साठतच नव्हतं. ते सबंध वाद्याचं सेटिंग होतं. संध्याकाळी कुणीतरी ते 'लाइट' करून ठेवलं होतं. त्याच दाबाला आता जास्त व्हेलॉसिटी नोंदली जात होती. नऊ सत्रं बाद.

चूक माझीच, हे कबूल. पण रचनेतला दोषही बघा. बटण दाबल्यावर कानाला जे चटकन कळतं ते परत येतं, म्हणून सगळंच परत आलं असं वाटतं. बटणात काय आहे आणि काय नाही, हे वाद्याचा पडदा सांगत नाही. शिवाय त्या बटणावर दुसऱ्याने काही साठवलं, तर जुनं गेलं. कधी बदललं याची तारीखही उरली नाही. मिडीचा 'प्रोग्रॅम चेंज' संदेशही इथे कामाचा नाही. त्यात १२८ पैकी एक क्रमांक जातो; त्या क्रमांकामागे काय साठवलंय, हे ज्या-त्या वाद्यावर अवलंबून.

याउलट सीव्हीपीमधलं 'फ्रीझ' मला पटतं. रजिस्ट्रेशन परत आणताना कोणते गट जागचे हलू नयेत, हे तुम्हीच नेमून देता. म्हणजे निदान 'यात काय-काय येतं?' हा प्रश्न तरी तुमच्यासमोर येतो. संशोधनाच्या वाद्याकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

मग तुम्ही काय करायचं? पहिल्या सहभागी व्यक्तीला बोलावण्याआधी एक दुपार राखून ठेवा. जुळणी सेव्ह करा. मग मेन्यूतलं प्रत्येक सेटिंग मुद्दाम बिघडवा: ट्रान्सपोज, ट्यूनिंग, स्पर्श, सगळं. आता रिकॉल करा आणि एकेक ओळ तपासा. वाद्य बंद करून, चालू करून पुन्हा तपासा. कारण चालू होतानाची स्थिती आणि बटणावरची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कावाईच्या काही मॉडेलांत तर 'स्टार्टअप सेटिंग' नावाची वेगळी सोयच आहे. जे परत आलं नाही त्याची यादी करा आणि दर सत्राआधी ती हाताने तपासून तारखेसह सही करा.

वादकाला हवं असतं पुन्हा तसंच वाजणं. तुम्हाला हवा असतो पुरावा, की ते तसंच होतं. बटण पहिलं काम छान करतं. दुसऱ्यासाठी माझ्या पियानोवर आता एक वही असते. सहा महिने झाले, अजून एकही सत्र बाद झालेलं नाही.